तुमच्या कॅरॅक्टरचं गाव कुठलं?

मुंबईत दोन मराठी माणसं नव्याने भेटली की तिसऱ्या-चौथ्या वाक्याला 'गाव कुठलं?' येतंच. राहायला भांडुपला असो की भाईंदरला, उत्तर असतं देवगड, पाटण, नाहीतर जुन्नर. टेबलटॉप रोलप्लेइंग गेमच्या पहिल्या सेशनला हाच प्रश्न खेळाडूंच्या कॅरॅक्टर्सना विचारून बघा. 'मी एल्फ आहे, रेंजर आहे, धनुष्य चालवते', म्हणजे वंश कुठला, पेशा कुठला, इथपर्यंत सगळे धडाधड बोलतात. गाव विचारलं की गेम चालवणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसतात. हे उत्तर कुठून यायचं, ते कोणी ठरवायचं, आणि खेळ सुरू होण्याआधी सगळ्यांनी मिळून काय काय मान्य करून बसायचं, हा सगळा मामला म्हणजे कॅम्पेनची डिफॉल्ट सेटिंग.

ज्यांनी हा खेळ कधी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक गेम मास्टर. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये त्याला डंजन मास्टर, म्हणजे डीएम म्हणतात. डीएम प्रसंग सांगतो, बाकीचे आपापलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि जिथे काय होईल ते सांगता येत नाही तिथे फासे टाकतात, बहुतेक वेळा वीस बाजूंचा. अशी सेशनमागून सेशन चालणारी गोष्ट म्हणजे कॅम्पेन. ती ज्या जगात घडते ती सेटिंग. कोणी वेगळं काही ठरवलं नाही तर जे जग धरून चालतात, ती डिफॉल्ट सेटिंग.

अशा धरून चालण्याची गरज काय, हे दशावतार पाहिलेल्याला लगेच कळेल. रात्रभर चालणाऱ्या त्या आख्यानाचे संवाद कोणी लिहून दिलेले नसतात. नट तिथल्या तिथे बोलतात, एकमेकांना अडकवतात, सोडवतात. हे जमतं, कारण हा राजा कोण, त्याचं वैर कोणाशी आणि नारद आला म्हणजे आता कळ लागणार, हे नटांनाही ठाऊक असतं आणि समोर बसलेल्या आजीलाही. रोलप्लेइंगमधल्या सेटिंगचं काम एवढंच: टेबलावरच्या प्रत्येकाला, दर वाक्याला परवानगी न मागता, बोलता आलं पाहिजे. नकाशा किती मोठा, राजवंश किती, भाषांची लिपी काढली की नाही, ही सगळी हौस. हौसेला माझी ना नाही, पण निवड करताना तिचा हिशोब वेगळा ठेवावा.

'आम्ही सेटिंगबिटिंग ठरवतच नाही, नुसते नियम घेऊन खेळतो' असं सांगणारे भेटतात. तसं होत नसतं. नियमांच्या पोटातच एक जग असतं. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीचं प्लेअर्स हँडबुक घ्या. सोन्याच्या एका नाण्याला चांदीची दहा. साध्या मजुराचा रोज चांदीची दोन नाणी. लाँगसोर्डची किंमत सोन्याची १५ नाणी, म्हणजे मजुराने न खाता-पिता ७५ दिवस राबावं तेव्हा एक तलवार. अख्खं पोलादी प्लेट चिलखत १,५०० सोन्याला. तोच हिशोब लावला तर वीस वर्षांहून जास्त मजुरी. आणि तुमची पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, पहिल्याच तळघरातून दोनशे सोनं उचलून गावात परतते! त्या गावातल्या सावकाराला, पाटलाला, चोराला याचं काहीच वाटत नाही का? वाटत असेल तर ती सेटिंग झाली. वाटत नसेल तर तीही सेटिंगच, फक्त जरा कच्ची.

मरणाचं प्रकरण तर आणखी गमतीचं आहे. त्याच पुस्तकात पाचव्या लेव्हलचा (लेव्हल म्हणजे अनुभवाने चढायची पायरी) क्लेरिक, म्हणजे देवाकडून शक्ती मिळवणारा पुजारी, 'रिव्हिव्हिफाय' हा मंत्र टाकतो. ३०० सोन्याचे हिरे खर्च होतात आणि गेल्या मिनिटाभरात मेलेला माणूस उठून बसतो. नवव्या लेव्हलला 'रेज डेड': ५०० सोन्याचा हिरा, मरून दहा दिवसांपर्यंत झाले असले तरी चालतं, फक्त आत्म्याची परतायची इच्छा हवी. आता तुम्ही मोठ्या थाटात कॅम्पेनची सुरुवात 'राजाचा खून झाला आहे' अशी केलीत. टेबलावरचा एखादा चलाख खेळाडू विचारणारच, की बाबा, राणीच्या खजिन्यात एक हिरा नव्हता?

याला उत्तरं बरीच आहेत आणि प्रत्येक उत्तराने वेगळं जग तयार होतं. शीर नसेल तर रेज डेड चालत नाही, असं नियमच सांगतो; म्हणजे या जगातले मारेकरी मुंडकं बरोबर घेऊन जातात, आणि राजघराण्यात मुंडकं सांभाळणारं एखादं खातं असेल. किंवा नवव्या लेव्हलचा पुजारी अख्ख्या राज्यात एकच आहे आणि तो राणीच्या विरोधातल्या मठात बसलाय. किंवा हिऱ्यांचा व्यापार एका घराण्याच्या हातात आहे. किंवा राजाच्या आत्म्याला परत यायचंच नाही, आणि का नाही, तीच तुमची गोष्ट. सेटिंग निवडणं म्हणजे नियमांमधून येणाऱ्या अशा प्रश्नांना कुठल्या जगाची उत्तरं तुमच्या ग्रुपला आवडतील ते बघणं.

तयार जगांपैकी दोन या बाबतीत मला फार हुशारीची वाटतात. एक एबेरॉन. डंजन्स अँड ड्रॅगन्स छापणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने २००२ साली नव्या जगासाठी लोकांकडून कल्पना मागवल्या. ११,००० च्या आसपास आल्या, त्यातून कीथ बेकर यांची निवडली, आणि २००४ ला पुस्तक बाजारात आलं. बेकर यांनी नियमातली जादू तशीच्या तशी खरी मानली आणि विचारलं, ही असेल तर समाज कसा चालेल? मग जादूवर धावणारी आगगाडी आली, उपचाराचे पैसे घेणारी घराणी आली. मात्र फार वरच्या लेव्हलची माणसं मुद्दाम विरळ ठेवली, म्हणजे खेळाडूंनी काही करायचं शिल्लक राहिलं. दुसरं जग डार्क सन, १९९१ चं. तिथे नियमांची उलट छाटणी केली. धातू दुर्मिळ, म्हणून नाणी भाजलेल्या मातीची. देव नाहीतच, म्हणून क्लेरिक पंचमहाभूतांसारख्या तत्त्वांना भजतात. दोन्ही जगांत पहिल्या पाच मिनिटांत कळतं की इथे काय चालेल आणि काय नाही.

आता कंपन्यांनीच हा प्रश्न कसा सोडवला ते बघू, कारण त्यांनीही पन्नास वर्षं घोळ घातलाय. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ ला डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पहिल्या तीन पुस्तिका काढल्या, तेव्हा त्यात जग असं दिलेलंच नव्हतं. दोघांची घरची जगं होती: आर्नेसन यांचं ब्लॅकमूर, गायगॅक्स यांचं ग्रेहॉक. १९७५ ला याच नावांच्या पुरवण्या आल्या, पण त्यात मुख्यतः नियमच. विकत घेणाऱ्याने आपलं जग आपण करावं, असाच तेव्हाचा समज होता. ग्रेहॉकचं जग छापून मिळालं ते १९८० ला. गायगॅक्स ऐंशीच्या दशकाच्या मध्याला टीएसआर या, हा खेळ तेव्हा छापणाऱ्या आपल्याच कंपनीतून बाहेर पडले. त्यानंतर १९८७ ला कंपनीने फर्गॉटन रेल्म्स आणलं. ते कॅनडाच्या एड ग्रीनवुड यांचं जग; लहानपणी गोष्टी लिहिण्यासाठी रचलेलं आणि पुढे वर्षानुवर्षं घरच्या खेळात घासून गुळगुळीत झालेलं.

पुढची काही वर्षं टीएसआरने जगांचा धडाका लावला. स्पेलजॅमर, डार्क सन, प्लेनस्केप, एकाहून एक वेगळी. खेळणारे मात्र वाटले गेले: डार्क सनवाला प्लेनस्केपचं पुस्तक घेईना. कंपनी डबघाईला येण्याच्या कारणांत हेही एक मानतात. १९९७ ला विझर्ड्सने टीएसआर विकत घेतली.

२००० च्या तिसऱ्या आवृत्तीत ग्रेहॉक डिफॉल्ट होतं, पण नावापुरतं. देव तिथले, बाकी जगाचा फारसा पत्ता नाही. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने वेगळीच चाल केली. डीएमच्या पुस्तकाच्या शेवटी एक खोरं दिलं: नेंटिर व्हेल. मध्ये फॉलक्रेस्ट नावाचं गाव, आजूबाजूला चार-दोन वस्त्या, जुन्या साम्राज्याचे अवशेष, आणि त्यापलीकडे अंधार. खोऱ्याबाहेर काय आहे ते तुमचं तुम्ही ठरवा. चौथ्या आवृत्तीच्या नियमांना नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, आणि सगळेच काही चुकीचं बोलत नाहीत. पण नवख्या डीएमसाठी यापेक्षा चांगली डिफॉल्ट सेटिंग मी तरी पाहिलेली नाही. वाचायला एक संध्याकाळ पुरते.

पाचव्या आवृत्तीने पुस्तकात अनेक जगांचे दाखले दिले, पण साहसं छापली ती बहुतेक फर्गॉटन रेल्म्समधली. २०१४ च्या स्टार्टर सेटमधलं फँडॅलिन हे खाणीजवळचं गाव हजारो लोकांचं पहिलं गाव ठरलं. म्हणजे लिहून कुठेच नाही, पण व्यवहारात डिफॉल्ट तेच. मग २०२४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये ग्रेहॉक परत आलं, तेही 'हे बघा, यावर तुमचं बांधा' अशा नमुन्यासारखं. पन्नास वर्षांनी गाडी पहिल्या स्टेशनवर.

बाकीच्या खेळांचं धावतं सांगतो. रूनक्वेस्ट १९७८ चा; त्याचे नियम आणि ग्रेग स्टॅफर्ड यांचं ग्लोरांथा हे जग एकमेकांपासून सोडवणं अवघड. पाथफाइंडरचं गोलारियन बरोबर उलट: प्रत्येक देश वेगळ्या चवीचा. भुताखेतांची गोष्ट हवी तर उस्तालाव्ह, पिरॅमिड हवे तर ओसिरिऑन, आकाशातून कोसळलेलं यान हवं तर न्यूमेरिया. भूगोल म्हणून विचित्र वाटतो, पण ग्रुपचं एकमत होत नसेल तर फार सोयीचा.

आता आपल्याकडचं. मुंबईत सेटिंग निवडताना पहिला प्रश्न वेळेचा. जमायचं रविवारीच. विरारवाल्याला जम्बो ब्लॉक, पनवेलवालीला मेगाब्लॉक, आणि ज्याच्या दादरच्या घरी जमायचं तिथे चारला पाहुणे येणार म्हणून हॉल रिकामा हवा. दोनची वेळ दिली की पावणेतीनला पहिला फासा पडतो. अशा ग्रुपला तीनशे पानांचं जग वाचून या म्हणणं म्हणजे ग्रुप मोडायचीच तयारी. गाडीत उभ्या-उभ्या फोनवर वाचून होईल एवढं एक पान पाठवा. त्याहून जास्त कोणी वाचत नाही, आणि वाचलं तरी मालाड येईपर्यंत विसरलेलं असतं.

दुसरा प्रश्न माहितीच्या असमतोलाचा, आणि यावर फारसं कोणी बोलत नाही. फर्गॉटन रेल्म्स घेतलंत तर टेबलावर एक जण असा निघतोच ज्याने कादंबऱ्या वाचल्यात, २०२३ पासून त्याच जगातला बाल्डर्स गेट ३ हा व्हिडिओ गेम दोनदा संपवलाय, आणि जो डीएमला मध्येच थांबवतो, 'अरे, पण वॉटरडीपमध्ये असं नसतं.' चूक त्याची नाही, प्रेमाने बोलतो बिचारा. पण बाकीचे तिघे गप्प होतात, कारण या जगाबद्दल बोलायचा हक्क आपला नाही असं त्यांना वाटायला लागतं. प्रसिद्ध जग घेणार असाल तर सुरुवातीलाच सांगून टाका: टेबलावर जे ठरेल ते खरं, पुस्तकातलं नंतर. आणि त्या जाणकाराला एखाद्या देवळाचं किंवा संघटनेचं काम सोपवा. त्याचं ज्ञान वायाही जात नाही, आडवंही येत नाही.

लहान आणि आपल्या हातातलं जग घेतलं की काय होतं, ते आमच्या टेबलावरचं एक संभाषण सांगतं. पहिल्यांदाच खेळायला आलेला डीएमचा मावसभाऊ क्लेरिक करून बसला होता.

'ताई, माझा देव कुठला?'

'तुला कुठला हवाय?'

'म्हणजे यादी असेल ना?'

यादी होती, पुस्तकाच्या मागे, तक्ते भरून. ती न दाखवता ताई म्हणाली, 'तुझं गाव खाडीच्या तोंडाशी आहे. धक्क्यावर एका देवीचं ठाणं आहे. बुडालेल्यांची नावं ती विसरत नाही, असं म्हणतात.'

तो दोन क्षण थांबला. मग म्हणाला, 'मग माझ्या बाबांचं नाव तिच्याकडे नाहीये. म्हणजे ते बुडाले नाहीत.'

पुढची कित्येक सेशन्स त्या बाबांच्या मागावर गेली. ताईने ठरवलेलं सगळं दोन वाक्यांत होतं. बाकीचं त्याने आणलं. देवांच्या तक्त्यातून हे निघालं नसतं, कारण तक्त्यात निवड असते आणि इथे मोकळी जागा होती. डंजन वर्ल्ड हा खेळ तर डीएमला स्पष्टच सांगतो की नकाशे काढा, पण त्यात कोऱ्या जागा सोडा.

स्वतःचं जग करायचं म्हटलं तर मुंबईकराला सामान शोधायला लांब जावं लागत नाही. भरतीला वेगळी होणारी सात बेटं, मधल्या खाड्या, माहीम, वरळी, शीव, शिवडीचे किल्ले. १६६१ च्या तहात लग्नाच्या आहेरात दिलेलं बंदर, जे १६६८ ला एका व्यापारी कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने मिळालं. काल्पनिक राजकारण रचायला बसलात तर एवढं अचाट सुचणार नाही. उत्तरेला जंगलात कान्हेरीची शंभराहून जास्त लेणी. त्यांना तळघर म्हणा, मठ म्हणा, नाहीतर सोडून दिलेलं शहर. आणि वरळीच्या बाजूने समुद्र अडवणारा बांध, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. तो बांध घालायचा की नाही, एवढ्या एका प्रश्नावर अख्खं कॅम्पेन चालेल: व्यापाऱ्यांना तो हवा, मासेमारांना नको, आणि पाण्याखाली जे आहे त्याला कोणी विचारलेलंच नाही.

बेटांचा खेळाच्या दृष्टीने आणखी एक फायदा. जागा मर्यादित असल्याने पार्टी भलतीकडे भटकत नाही, आणि भरती-ओहोटीमुळे वेळेला किंमत येते. 'ओहोटी संपायच्या आत पलीकडे' एवढं म्हटलं की टेबलावरचे सगळे सरसावून बसतात.

मात्र नावं बदला. माहीमचं 'महिका' करा, काहीही करा. खरी नावं ठेवली की कोणीतरी इतिहास तपासायला लागतो, आणि आज नांदत्या समाजांना राक्षसांच्या बाजूला बसवण्याचा धोका असतोच. देवांच्या बाबतीत तर जास्तच जपा. १९८० च्या डेइटीज अँड डेमिगॉड्स या पुस्तकात इंद्र-विष्णूंना हिट पॉइंट्ससकट, म्हणजे किती मार खाल्ल्यावर मरणार त्यासकट, आकडे दिले होते. लिहिणारा लांबचा होता, त्याला खपून गेलं. आपल्या टेबलावर एखाद्याची आई आतून चहा घेऊन येते, तेव्हा 'विष्णूचे किती उरले?' हे वाक्य नको. खाडीवरच्या देवीसारखं काहीतरी घडवा, तेही पुरेसं आपलं वाटतं.

पुढेमागे हे जग छापायची इच्छा असेल तर एक व्यवहाराची गोष्ट. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले. श्रेय दिलं की ते वापरून विक्रीचं पुस्तकही काढता येतं. फर्गॉटन रेल्म्ससारखी जगं त्यात येत नाहीत. घरी खेळायला कोणी अडवत नाही, पण रेल्म्सवर बेतलेलं कॅम्पेन कंपनीच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही. स्वतःच्या बेटांचं विकता येईल.

मग निवड कशी करायची? माझं सरळ मत: पहिलं कॅम्पेन असेल तर तयार जगातलं एकच गाव घ्या, फँडॅलिन किंवा फॉलक्रेस्ट, आणि त्या गावाबाहेरचं पुस्तक बंद ठेवा. ग्रुप जुना असेल तर स्वतःचं करा, पण एका पानात. त्या पानावर एक वस्ती, तिच्यावर सत्ता कोणाची आणि त्यावर नाराज कोण, दिवसभराच्या चालीवर असलेला एक धोका, दोन श्रद्धा ज्यांचं आपसात पटत नाही, आणि नियमांपैकी या जगात काय चालत नाही ते. 'मेलेल्याला उठवता येतं, पण उठलेल्याला गावात घेत नाहीत', अशी एक ओळ दहा पानांच्या इतिहासाला भारी पडते. एल्फ कुठून आले वगैरे लिहू नका. एल्फ खेळणारा सांगेल.

पान पाठवलं की खेळायच्या आधीच्या बैठकीत प्रत्येकाला चारच गोष्टी विचारा: गाव कुठलं, पोटापाण्याला काय करतोस, कोणापुढे हात जोडतोस, आणि रात्री कुठल्या वाटेने जात नाहीस. पुस्तक न उघडता तिघांची उत्तरं आली तर सेटिंग चालेल. एकाच प्रश्नावर दोघं अडले, तर पानावर त्या जागी एक ओळ वाढवा आणि पुढच्या रविवारची वेळ ठरवा. ब्लॉकचं वेळापत्रक आधी बघून.